पाच-दोनने हरल्याचे पेढे

आमच्या घरमालकांना सगळा आशिया खंड तोंडपाठ होता, पण तो त्यांच्या स्वतःच्या रीतीने. बहरीनचं नाव निघालं की ते म्हणायचे, "पाच-दोन." चीन म्हटलं की "तीन-शून्य." ऑस्ट्रेलिया म्हटलं की "चार-शून्य," आणि ऑस्ट्रेलिया आशियात कधीपासून आला असं कोणी विचारलंच, तर "फुटबॉलपुरता" एवढंच म्हणून पुढे जायचे. हे सगळे आपल्या देशाच्या फुटबॉल संघाचे आशियाई चषकातले पराभव. फक्त इराणचं नाव आलं की ते थांबायचे, चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायचे, आणि देवाचं नाव घ्यावं तसं हळूच म्हणायचे, "इराण. झिरो-झिरो."

जळगावात पिंप्राळ्याच्या एका कॉलनीत त्यांचं घर होतं. खाली ते एकटे राहायचे. वरची एक खोली मी भाड्याने घेतली होती. सगळी कॉलनी त्यांना आबा म्हणायची, मीही आबाच म्हणत आले. निवृत्त भूगोल शिक्षक. सगळी नोकरी नरडाण्याजवळच्या एका गावात झाली होती. निवृत्तीनंतर बायकोच्या उपचारांसाठी त्यांनी जळगावात घर घेतलं आणि दोन वर्षांत ती गेली. मुलगा पुण्यात. तो दर रविवारी फोन करायचा आणि आबा दर रविवारी त्याला सांगायचे, "इथं बरं आहे रे."

मी तिथे आले ती दोन हजार अठराच्या जूनमध्ये, एक बॅग आणि एक कुकर घेऊन. माहेर पिंपळनेरचं, सासर धुळ्याचं, आणि त्या दोन्हींपैकी कुठेही न राहता मी जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी धरली होती. खोली मागायला आलेल्या एकट्या बाईला लोक काय काय विचारतात ते मला माहीत झालं होतं. नवरा कुठे आहे, माहेरचे काय म्हणतात, कोण कोण येणार-जाणार. त्या सगळ्याची उत्तरं मी रिक्षात पाठ करत आले होते. आबांनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "एकोणीसशे चौसष्ट साली फुटबॉलमध्ये आपण आशियात कितवे होतो?"

मी गोंधळले. "माहीत नाही," म्हणाले.

"दुसरे," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. मग लगेच जरा ओशाळून म्हणाले, "पण चारच संघ होते. सांगायचं तर पूर्ण सांगावं."

एवढं बोलून त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. दुसरं काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

चौसष्टची ती गोष्ट मी त्यांच्या तोंडून नंतर शंभरदा तरी ऐकली असेल, पण "चारच संघ होते" हे शेपूट त्यांनी एकदाही गाळलं नाही. तेव्हा ते स्वतः आठ-नऊ वर्षांचे होते आणि त्यांच्या गावात कोणाला फुटबॉल नावाची गोष्ट माहीत नव्हती. हे सगळं त्यांना पुढे भूगोलामुळे कळलं. बी.एड.ला असताना आशिया शिकवायचा पाठ आला, देशांची नावं मुलांच्या लक्षात कशी राहतील याचा शोध घेताना वाचनालयात एक जुना खेळाचा अंक हाती लागला, आणि आबा त्यात गेले ते परत आलेच नाहीत. स्वतः मात्र आयुष्यात फुटबॉल खेळलेले नव्हते. एकदा कॉलनीतल्या पोरांचा चेंडू आमच्या फाटकातून आत आला, तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, पाण्याने धुतला आणि नीट पुसून परत दिला.

वर्गात ते नकाशा टांगायचे आणि एकेका देशावर छडी ठेवून तिथे आपण किती गोलांनी हरलो ते सांगायचे. मग राजधानी, मग नद्या, मग पिकं. त्यांच्याबरोबर नोकरी केलेले चित्रकलेचे एक शिक्षक अधूनमधून धुळ्याहून भेटायला यायचे, त्यांनी मला सांगितलं. एकदा शाळेत तपासणीला साहेब आले. आठवीतल्या एका मुलीला त्यांनी विचारलं, "दक्षिण कोरियाची राजधानी कोणती?" मुलगी ताडकन उभी राहून म्हणाली, "सोल. आपण चार-एकने हरलो साहेब, पण एक गोल आपला होता." साहेबांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं की विद्यार्थ्यांचं आशियाविषयीचं ज्ञान उत्तम आहे, मात्र पराभवांवर भर जरा जास्त दिसतो.

आबांना तो शेरा आवडला नव्हता. "भर मी देत नव्हतो," ते मला म्हणाले. "होतेच जास्त."

त्यांच्या म्हणण्यात खोट नव्हती. आशियाई चषक चार वर्षांनी येतो आणि आपला संघ तिथवर क्वचितच पोचतो. चौसष्टनंतर एकदम चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशीत चार सामने, एकही गोल नाही, तीन पराभव आणि ती इराणशी बरोबरी. आबा तेव्हा नवे शिक्षक होते, नुकतं लग्न झालेलं. गावात वर्तमानपत्र यायचं नाही. ते सायकल मारत नरडाणा स्टेशनवर जायचे आणि गाडीने आलेला पेपर प्लॅटफॉर्मवरच उघडायचे. इराण म्हणजे तेव्हा आशियातला पहिलवान. त्या पहिलवानाला आपण नव्वद मिनिटं गोल करू दिला नाही, हे त्यांनी प्लॅटफॉर्मवर वाचलं. आनंद कोणाला सांगावा ते कळेना. चहावाल्याला सांगितलं, त्याने विचारलं, "किती जिंकलो?" हमालाला सांगितलं, त्याने मान हलवली. शेवटी सायकल हाणत घरी आले आणि दारातूनच बायकोला ओरडून सांगितलं.

बायको चुलीपुढे होती. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे कोणीच हरलं नाही?"

"नाही."

"मग चांगलं झालं. दोघंही आपापल्या घरी सुखाने जेवतील."

हे सांगताना आबा हसायचे, आणि हसता हसता तिच्या फोटोकडे बघायचे. "इतकं बरोबर त्या सामन्याबद्दल कोणी बोललेलं नाही," ते म्हणायचे. "पेपरवाल्यांनीसुद्धा नाही."

मग पुन्हा सत्तावीस वर्षं काही नाही. दोन हजार अकरामध्ये संघ पुन्हा पोचला तेव्हा आबा निवृत्तीला आले होते. पहिला सामना चार-शून्यने गेला. दुसरा बहरीनशी. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबा शाळेत पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि शिक्षकांच्या खोलीत एकेकाच्या हातावर पेढा ठेवत सुटले. मुख्याध्यापक म्हणाले, "वा! जिंकलो वाटतं?"

"नाही सर. पाच-दोनने हरलो."

"मग पेढे कसले?"

"त्या दोनचे," आबा म्हणाले. "सत्तेचाळीस वर्षांनी आपला गोल झाला सर."

चित्रकलेचे सर सांगत होते, खोलीत आधी सगळे खो-खो हसले. मग आबांच्या डोळ्यांत पाणी दिसलं तेव्हा हळूहळू गप्प झाले आणि पेढा खाऊ लागले. तिसऱ्या सामन्यात चार-एकने हरलो, तेव्हा शिक्षक सकाळीच वाट बघत बसले होते आणि आबांनी त्या एका गोलाचेही पेढे आणले.

मी त्यांच्या घरी राहायला आले तेव्हा पुढची स्पर्धा सहा-सात महिन्यांवर होती. जानेवारी दोन हजार एकोणीस. आबांची तयारी ऑगस्टपासूनच सुरू झाली. आधी केबलवाल्याला फोन. "ते चॅनल लागेल ना?" त्याने लागेल म्हटलं तरी दर पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. मग सरावाचे सामने. आपला संघ कुठे कोणाशी मैत्रीचा सामना खेळला तरी आबा तो बघायचे, आणि तेव्हा मला त्यांचा सामना बघण्याचा विधी समजला.

सामन्याच्या दिवशी ते दुपारी पुन्हा आंघोळ करायचे. पांढरा इस्त्रीचा शर्ट. पायात पॉलिश केलेले बूट. एरवी घरात चप्पलसुद्धा न घालणारा माणूस टीव्हीसमोर बूट घालून बसायचा. राष्ट्रगीत लागलं की उभे राहायचे, आणि घरात जो कोणी असेल त्याने उभं राहायचं. एकदा मी साखर मागायला खाली आले होते, ती वाटी हातात धरून बावन्न सेकंद उभी राहिले.

बोलणं त्यांचं एरवी अगदी शाळेच्या पुस्तकातलं. पण संघ हरायला लागला की ते सरळ अहिराणीत उतरायचे. "आरे भाऊ, त्याले मोकया सोडू नको रे! बठ्ठा पुढे गया, मांगे कोन शे?" म्हणजे सगळे पुढे गेले, मागे कोण आहे. त्यांचा आवाज वरच्या मजल्यावर यायचा, आणि कोणती भाषा ऐकू येते त्यावरून सामना कसा चाललाय ते मला भाजी निवडता निवडता कळायचं.

आणि सामना संपला तरी ते उठायचे नाहीत. संघ कितीही वाईट हरलेला असो, खेळाडू मैदानातून आत जाईपर्यंत बसून राहायचे. मी एकदा म्हटलं, "आबा, संपलं ना आता."

"ते अजून तिथं आहेत ना," ते म्हणाले. "ते जाईपर्यंत आपण कसं उठायचं?"

क्रिकेटचा त्यांना राग नव्हता. क्रिकेटचा मोठा सामना जिंकला आणि कॉलनीत फटाके वाजले की ते बाहेर येऊन सगळ्यांचं अभिनंदन करायचे, जणू शेजाऱ्यांच्या मुलाचं लग्न ठरलंय.

शेवटची स्पर्धा त्यांनी माझ्याबरोबर पाहिली, दोन हजार चोवीसच्या जानेवारीत. तोपर्यंत एका डोळ्याला कमी दिसत होतं, म्हणून मी शेजारी बसून चेंडू कोणाकडे आहे ते सांगायचे. तीन सामने झाले, तिन्ही हरलो, एकही गोल नाही. शेवटचा सीरियाशी, संध्याकाळी पाचचा. मी लॅबमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आले होते. शेवटची पंधरा मिनिटं उरलेली असताना त्यांचा गोल झाला. आबा अहिराणीत काही बोलतील म्हणून मी वाट बघितली, पण ते गप्प होते. सामना संपल्यावर आमचा एक खेळाडू गवतावर बसून राहिलेला दिसला. तो उठेना. आबाही उठेनात. बऱ्याच वेळाने त्यांनी मला विचारलं, "उठला का गं तो?"

"उठला आबा. दुसऱ्याने हात दिला."

"मग ठीक," म्हणाले आणि बूट काढायला वाकले.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ते पुण्याला मुलाकडे असताना गेले. त्यानंतर काही महिन्यांनी बातमी आली की पुढच्या स्पर्धेला आपला संघ पात्रच झाला नाही. कॉलनीतले लोक म्हणाले, बरं झालं, आबांना हे बघावं लागलं नाही. मला तसं वाटत नाही. त्यांनी तेही बघितलं असतं, शेवटपर्यंत.

आता हिशेबाने पाहिलं तर एक गोष्ट राहते. चौऱ्याऐंशीपासून आपला संघ आशियाई चषकात एकच सामना जिंकला. दोन हजार एकोणीसचा, थायलंडविरुद्धचा. आबांनी आयुष्यभर वाट पाहिली ती त्या सामन्याची. आणि नेमका तोच सामना त्यांनी पाहिला नाही. तो का पाहिला नाही, ते माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, म्हणून हे लिहिते आहे.

सहा जानेवारी, रविवार. सामना संध्याकाळी सातला होता. आबांनी दुपारी स्वतःच्या हाताने वांग्याचं भरीत केलं होतं, वाटीभर मला वर आणून दिलं होतं. सातला पाच मिनिटं असताना मी गच्चीवरचे कपडे काढत होते तेव्हा फाटकाशी एक जीप थांबली. त्यातून माझे मामा उतरले आणि मागून माझा धाकटा भाऊ.

माझं लग्न मामांनी जमवलं होतं. मी सासर सोडून आले तेव्हा घरात सगळ्यात जास्त खाली मान गेली ती त्यांची. सहा महिने त्यांनी निरोप पाठवले होते. आता स्वतः न्यायला आले होते. मी जिन्यावरून खाली येईपर्यंत ते आबांच्या खोलीत शिरले होते, कारण दार उघडं होतं आणि टीव्ही चालू होता.

"सामान भर," मामा मला म्हणाले. बसलेसुद्धा नाहीत. "जावईबापू काही बोलणार नाहीत, मी शब्द घेतलाय."

जावईबापू काही बोलणार नाहीत. मला त्याही स्थितीत हसू आलं असतं.

तेवढ्यात टीव्हीवर राष्ट्रगीत सुरू झालं. आबा इस्त्रीच्या शर्टात, बूट घालून, उभे राहिले. भाऊ आधीच उभा होता. मामा काही बोलणार होते, पण बोलता येईना, तेही तसेच हात सोडून उभे राहिले. आम्ही चौघं टीव्हीसमोर ओळीने उभे होतो. गीत संपलं. खेळाडू आपापल्या जागी गेले. पंचाने शिट्टी वाजवली, आणि आबांनी पुढे होऊन टीव्ही बंद केला.

"बसा," ते मामांना म्हणाले. "बोलू."

मामा बसले. "मास्तर, तुम्ही भाडं घेणारे. हा घरातला मामला आहे."

"घर माझंच आहे," आबा म्हणाले. "तिला काय म्हणायचंय ते तुम्ही ऐकलंय का?"

"ऐकण्यासारखं काही असतं तर ऐकलं असतं." मामा माझ्याकडे वळले आणि गावच्या भाषेत म्हणाले, "मारस का तो तुले? दारू पेस का? मग काय शे?"

हा प्रश्न मला आईने विचारला होता, आत्याने विचारला होता, वकिलानेही विचारला होता. दर वेळी मी गप्प बसले होते. तक्रार म्हणून सांगायला जावं तर मलाच ती गोष्ट लहान वाटायची. आबा म्हणाले, "तू सांग पोरी. तुझं होईपर्यंत कोणी मधे बोलणार नाही." आणि ते असे काही मामांकडे बघत राहिले की मामा खरंच मधे बोलले नाहीत.

मी सांगितलं. माझा नवरा माझ्याशी बोलत नव्हता. अकरा महिने. लग्नानंतर तीन महिन्यांनी नोकरीवरून वाद झाला, आणि त्या दिवसापासून त्याने माझ्याशी एक शब्द काढला नाही. मी ताट वाढायचे, तो माझ्यासमोर बसून आईला म्हणायचा, "तिला सांग, मीठ जास्त झालंय." मी तापाने फणफणले तेव्हा खोलीच्या दारात उभं राहून म्हणाला, "आई, तिला विचार, दवाखान्यात जायचंय का." सासू विचारायची, मी सांगायचे, सासू त्याला सांगायची. आम्ही तिघं एकाच खोलीत असायचो. माझी सर्टिफिकेटं कपाटात कुलपात होती. शेवटी शेवटी मला माझाच आवाज ऐकू आला की दचकायला व्हायचं.

सांगून झालं. मामांनी पाय हलवला आणि म्हणाले, "एवढंच?"

आबा माझ्या भावाकडे वळले. "यांना विचार, पाणी घेणार का."

भाऊ गोंधळला. मामा त्याच्या शेजारीच बसले होते. "मामा, पाणी?"

"दे," मामा म्हणाले.

"यांना विचार, प्रवासात त्रास झाला का."

"नाही झाला," मामा स्वतःच म्हणाले. आबांनी ऐकलंच नाही असं केलं. भावाने सांगितल्यावर मान हलवली. "यांना विचार, भरीत चालेल का. सांग, मी केलंय." "यांना विचार, पिंपळनेरला थंडी कशी आहे." आबा अगदी मऊ आवाजात, अगदी अदबीने विचारत होते, पण नजर एकदाही मामांकडे वळली नाही. मामा दोनदा हसले. एकदा आबांच्या समोर हात हलवून बघितला. मग त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला. ते पुढे सरकले, मागे सरकले, आणि शेवटी खुर्चीच्या दांड्यावर हात आपटून ओरडले, "ओ मास्तर! मी आठेच बठेल शे ना! माले इचारा!"

आबांनी तेव्हा प्रथम त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाले, "दहाच मिनिटं झाली मामा."

मामा समोरच्या बंद टीव्हीकडे बघत राहिले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यानंतर पाऊण एक तास बोलणं झालं, पण ते भांडण नव्हतं. मामांनी मला माझ्या लॅबविषयी विचारलं, पगार नाही, काम काय असतं ते विचारलं. आबांनी पानं वाढली. भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाताना मामा खाली बघत म्हणाले, "मला वाटलं होतं मुलगा शांत आहे. म्हणून तर जमवलं."

नऊच्या सुमारास ते निघाले, मला न घेता. जीपमध्ये बसताना भाऊ मागे आला आणि म्हणाला, "अक्का, तुझी सर्टिफिकेटं मी आणून देतो. मीच जातो." पंधरा दिवसांनी त्याने ती खरोखर आणून दिली.

जीप गेल्यावर मी ओट्यावर बसून खूप रडले. आबा दारात खुर्ची टाकून बसले होते. मला गप्प करायला आले नाहीत, आत गेले नाहीत आणि टीव्हीही लावला नाही.

सकाळी जाग आली तेव्हा अंथरुणातच मला आठवलं. मी तशीच खाली धावले. आबा ओट्यावर बसले होते. पेपर शेजारी होता, दोरी न सोडलेला.

"आबा, तुमची मॅच…"

"हो. तूच वाच. माझा चष्मा आत आहे."

मी शेवटून दुसरं पान उघडलं. मथळा वाचला. पुन्हा वाचला. मग मोठ्याने म्हटलं, "भारताचा थायलंडवर चार-एकने विजय."

आबा ओठ आवळून बसले. मग म्हणाले, "नीट बघ. छपाईची चूक असेल. एक-चार असेल."

"नाही आबा. चार-एकच. पंचावन्न वर्षांनी आशियाई चषकात विजय, असं खाली लिहिलंय."

आबा समोरच्या घरातल्या काकू रांगोळी काढत होत्या तिकडे बघत राहिले. मला तोंड दाखवावंसं वाटेना. मी म्हणाले, "माझ्यामुळे तुमची…"

"तिथं अकरा जण होते पोरी," आबा म्हणाले. "इथं तू एकटी होतीस."

मग त्यांनी मला खाली बसायची खूण केली. "आता पहिल्यापासून वाच. घाई करू नको. निकाल सांगितलास, हरकत नाही, पण पुढचं आधी वाचू नको."

मी वाचायला लागले. मला त्या शब्दांची सवय नव्हती, अडखळत होते, आबा सुधारत होते. सत्ताविसाव्या मिनिटाला पेनल्टी, एक-शून्य. आबांनी मांडीवर हलकेच थाप मारली. थोड्याच वेळात थायलंडची हेडरवर बरोबरी. आबांचा चेहरा पडला. "त्याले मोकया सोडा व्हयी," ते पुटपुटले. मध्यंतराला एक-एक. आबा उठले, आत जाऊन दोन कप चहा करून आले, कारण मध्यंतर होतं. आम्ही चहा प्यायलो. आणि दुसरा भाग सुरू करणार तेवढ्यात माझा फोन वाजला. लॅबमधून होता. साडेआठ वाजून गेले होते, सॅम्पल घेऊन लोक खोळंबले होते, मी कुठे आहे असं विचारत होते.

आबांनी हाताने मला जा म्हणून सांगितलं. मी पेपर गुडघ्यावर नीट पसरला.

"थोडा उशीर होईल," मी फोनवर म्हणाले. "घरी मॅच चालू आहे."